पाय माझा, लाज त्यांची

आमचे हे बूट करतात. दुकानात रांगेने मांडलेले, कुणीही यावं आणि घालून जावं, तसले नव्हेत. ज्यांचे पाय दुकानातल्या बुटात मावत नाहीत, त्यांच्यासाठी. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली, कुणाची टाच अपघातात चेपलेली. हॉस्पिटलातून चिठ्ठी देऊन अशा माणसांना आमच्याकडे पाठवतात. घराची पुढची खोली म्हणजे कारखाना, मागच्या दोन खोल्या आमच्या. घरभर कातड्याचा आणि गोंदाचा वास असतो. पाहुण्यांना तो येतो, मला येत नाही.

माणसाच्या तोंडाकडे बघून बोलायचं म्हटलं की ह्यांची वाचा बसते. पाय समोर आला की मात्र सुटते. "इथं टोचतं? की जरा मागं?" असं खाली मान घालून विचारतात आणि पायाचा मालक वरून उत्तर देतो. पैशाचं, तारखेचं, तक्रारीचं बोलणं माझ्याकडे. लग्न ठरवताना दोन्हीकडची माणसं बसली होती, तेव्हाही हे माझ्या चपलांकडेच बघत होते. मला वाटलं, किती सालस मुलगा. नंतर कळलं की डाव्या चपलेची टाच आतून का झिजलीय, याचा विचार चालला होता.

ह्यांची एक सभा आहे. सभा हे मी ठेवलेलं नाव, ते तिला फोरम म्हणतात. पायांचे डॉक्टर, व्यायाम करून घेणारे, बूट करणारे, असे कुठले कुठले लोक तिथं कॉम्प्युटरवर जमतात आणि पायांबद्दल लिहितात. खरी नावं फारशी कुणी लावत नाही. एक बाई सर्जन आहेत, त्यांनी स्वतःचं नाव 'अनवाणी' ठेवलंय. एक म्हातारे कारागीर आहेत, ते 'जुनं कातडं'. संध्याकाळी हात धुऊन, चहा घेऊन हे त्या सभेत जाऊन बसतात. वाचतात, मान हलवतात, मधेच "अगदी बरोबर" असं पडद्याला सांगतात. पण इतक्या वर्षांत तिथं त्यांनी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. कितीदा तरी मी मागून बघितलंय. दोन ओळी टाइप करायच्या, त्यातला एक शब्द बदलायचा, तो पुन्हा पहिल्यासारखा करायचा आणि शेवटी सगळंच पुसून टाकायचं.

"लिहिलं होतंत ते का पुसलंत?" मी विचारायची.

"नको. कुणीतरी लिहील त्यातलं."

आणि लिहायचं कुणीतरी. मग हे असे खूश व्हायचे, जणू घरचंच कार्य पार पडलं.

याला एक कारण होतं, ते मला ठाऊक आहे. कधीतरी एका नवख्या माणसाने सभेत काहीतरी साधंसं विचारलं होतं. त्याला कुणीतरी उत्तर दिलं, "हे पहिल्या वर्षाला शिकवतात." बस, एवढंच. तो माणूस पुन्हा तिथं दिसला नाही. बोल त्याला लागला तो लागलाच, पण ह्यांनी तो स्वतःच्या जिवाला लावून घेतला. "माझं पहिलं वर्ष कुठलं?" म्हणाले. ह्यांचं शिक्षण मामाच्या हाताखाली झालं, तेही मार खाऊन. तिथं पहिलं वर्ष नव्हतं आणि शेवटचंही नव्हतं.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते, ते माझ्या पायावर येईपर्यंत.

मला मधुमेह आहे. पायांची जाणीव हळूहळू गेली. आधी बोटं बधिर झाली, मग तळवे. गरम फरशी कळेना, पायात खडा गेला तरी कळेना. मग उजव्या पायाला, दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूने एक घट्टा आला, आणि घट्ट्याखाली जखम झाली. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणून तर अशी जखम वाईट, असं डॉक्टर म्हणाले. दुखलं असतं तर माणूस आपोआप पाय जपून टाकतो. मी त्यावर खुशाल चालत होते.

ह्यांनी लगेच माझ्यासाठी बूट केले. जगातल्या लोकांचे पाय ह्यांनी सांभाळलेत, बायकोचा पाय तो कितीसा. मऊ कातडं, आत शिवण नाही, आणि आत घालायचा सोल माझ्या पायाच्या ठशावरून कापलेला. सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी ते स्वतः माझ्या पायात बूट घालायचे आणि निजताना स्वतः काढायचे. रोज आरसा धरून जखम बघायचे. जखम भरेना. सोल बदलला, तरी भरेना. पुन्हा बदलला. ड्रेसिंग करणारी सिस्टर आधी गप्पा मारायची, ती बोलेनाशी झाली.

एका तपासणीला डॉक्टरांनी सळई घालून जखमेची खोली मोजली आणि हातमोजे काढून समोर बसले.

"पुढच्या तपासणीपर्यंत जखम आकसली नाही, तर बोट काढावं लागेल," ते म्हणाले. "आणि बोट काढल्यावर हे तिथंच थांबेल, असंही मी सांगू शकत नाही. सगळा प्रश्न दाबाचा आहे. त्या जागेवरचा दाब कमी झालाच पाहिजे."

"दाब कमीच आहे, साहेब," हे माझ्या पायाकडे बघत म्हणाले. "ठशात दिसतोय ना."

ठसा म्हणजे काय, ते सांगायला हवं. ह्यांच्याकडे एक रबरी चटई आहे. तिच्या खालच्या अंगाला बारीक चौकटींची जाळी आहे, त्या जाळीला शाई लावायची आणि खाली कागद ठेवायचा. माणूस वरून पाऊल टाकून गेला की कागदावर पाऊल उमटतं. जिथं भार जास्त तिथं काळंभोर, जिथं कमी तिथं फिकट. काळ्या जागेखाली सोल खोलगट करायचा म्हणजे ती जागा अधांतरी राहते आणि जखम भरून येते. माझा ठसा कधीही घेतला तरी छान यायचा. सगळीकडे सारखा राखाडी, कुठंही काळं नाही. जखमेच्या जागीही नाही. हे तो ठसा उजेडापुढे धरायचे आणि तासन्‌तास बघत बसायचे.

घरी आल्यावर मी म्हटलं, "तुमच्या सभेला विचारा."

"बघतो."

ह्यांचं 'बघतो' म्हणजे काय, हे मी जन्मभर बघत आलेय. त्या संध्याकाळी त्यांनी लिहायला घेतलं आणि पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडा गेला, दुसराही निम्मा गेला. मी स्वयंपाकघरातून कीबोर्डचा आवाज ऐकायची आणि तो थांबला की समजायची, पुसलं. शेवटी एकदा मी लंगडत पुढच्या खोलीत गेले आणि ह्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले.

"काय अडलंय?"

"नीट मांडता येत नाहीये. तिथं सगळे शिकलेले लोक आहेत."

"अहो, पाय माझा आणि लाज तुम्हाला?" मी म्हटलं. "तुम्ही लाजताय आणि बोट माझं जातंय. मला लिहिता आलं असतं तर मीच लिहिलं असतं."

मी असं तोडून बोलते, ते ह्यांना नवीन नाही. पण या वेळी त्यांची मान आणखी खाली गेली. मला वाईट वाटलं, तरी मी शब्द मागे घेतला नाही. त्या संध्याकाळी त्यांनी पोस्ट टाकली.

टाकल्यावर मला वाचून दाखवली. "एक ग्राहक आहे. साठीच्या पुढची. मधुमेह, तळव्याला संवेदना नाही. दुसऱ्या बोटाच्या मुळाशी जखम. सोबत ठशाचा फोटो." फोटो असा कापला होता की फक्त ठसा दिसावा. टेबल नाही, खोली नाही, कुणाचं बोटसुद्धा नाही.

"ग्राहक?" मी विचारलं. "मी ग्राहक का?"

"तसंच लिहितात तिथं."

"बिल फाडलंत का मग माझं?"

"अगं, बायको लिहिलं तर म्हणतील, घरगुती काम आहे. कोण लक्ष देणार?"

मी म्हटलं, असू दे, ग्राहक तर ग्राहक. एकदाचं विचारलंत हेच पुष्कळ.

उत्तरं सकाळी आलेली होती. पहिलंच 'जुनं कातडं' यांचं. ह्यांनी ते वाचलं आणि पटकन पडदा खाली सरकवला. मी म्हटलं, वर घ्या. लिहिलं होतं, "ठसा उत्तम. दाब छान पसरलाय. सोलमध्येही खोट दिसत नाही. मग एकच गोष्ट उरते. बाई बूट घालत नाहीत. घरात अनवाणी हिंडतात आणि तुमच्याकडे येताना घालून येतात. माझ्याकडे अशी ढिगाने माणसं येतात. विचारलं की सगळी म्हणतात, घालतो." खाली बऱ्याच जणांनी त्याला पसंतीचा अंगठा दिला होता. एका डॉक्टरने लिहिलं होतं की असे रुग्ण स्वतःच्या पायांचे शत्रू असतात.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बाथरूममध्ये जाताना बूट घालते. मी स्वयंपाक करताना घालते. माझ्या बहिणीकडे बारशाला गेले तेव्हा सगळ्या नटून आलेल्या बायकांत मी ते ठोकळे घालून बसले होते. आणि कुठला कोण म्हातारा मला न बघता खोटारडी म्हणतो.

"सांगा त्यांना," मी म्हटलं.

"त्यांना काय माहीत, गं. त्यांचा अनुभव तसा असेल."

"मग तुमचा अनुभव सांगा."

ते उठून मशीनवर बसले. एका बुटाची वरची शिवण घालत होते, ती वाकडी गेली. उसवली, पुन्हा घातली, पुन्हा वाकडी. ह्यांची शिवण वाकडी गेलेली मी फार क्वचित बघितलीय. मी रागाने मागे निघून आले आणि पाय वर घेऊन पडून राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते त्या म्हाताऱ्यावरच्या रागाचं होतं की बोटाचं, ते मलाही सांगता येणार नाही.

दुपार उलटल्यावर हाक आली, "अगं, जरा इकडे ये."

मी गेले. ह्यांनी खुर्ची माझ्यासाठी सरकवली. पडद्यावर त्यांचं लिहिणं होतं, आणि ते आधीच सभेत जाऊन पडलेलं होतं. मला न दाखवता, न पुसता.

"ग्राहक लिहिलं ते चुकलं. ती माझी बायको आहे. ती बूट घालते. सकाळी मी घालतो आणि रात्री मीच काढतो. मधे ती काढत नाही. मी दिवसभर घरात असतो, मी बघतो. मी डॉक्टर नाही. कुठल्याही कॉलेजात शिकलेलो नाही, मामाकडे शिकलो. सोल मी केलाय, ठसा मी घेतलाय. चूक असेल तर ती माझी असेल आणि ती मला सांगा. पण ती खोटं बोलते असं लिहू नका."

मी ते दोनदा वाचलं. मला आनंद झाला, हे सरळच सांगते. पाय तसाच होता, जखम तशीच होती, तरी झाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांनी माझ्या वतीने कुणाशी भांडण काढलेलं मला आठवत नाही. भांडणं माझ्याकडे असायची.

पाठवून बसले खरे, पण लगेच उठले. जाऊन तोंड धुऊन आले. मग म्हणाले, "काढून टाकता येतं का गं ते?"

"हात लावून बघा," मी म्हटलं.

थोड्या वेळाने 'जुनं कातडं' यांची एक ओळ आली. "माझी चूक झाली. बाईंना माझी माफी सांगा." मी म्हटलं, म्हातारा तितका वाईट नाही. आणि त्याखाली 'अनवाणी' बाईंचं आलं. त्या एरवी कमी लिहितात, असं हे सांगायचे. त्यांनी लिहिलं, "बूट खरा, बाई खऱ्या, तर मग ठसा खोटा असला पाहिजे. तुम्ही तो कसा घेता? घेतानाचा फोटो टाका. तुम्ही दोघंही पूर्ण दिसाल असा. कापू नका."

हे वाचून ह्यांची पुन्हा पंचाईत झाली. कापलेला फोटो वेगळा आणि हा वेगळा. खोली डागाळलेली, कोपऱ्यात कातड्याच्या चिंध्या, ह्यांचा एप्रन गोंदाने कडक झालेला. आधी झाडून घेतो म्हणाले. मग म्हणाले, तो भिंतीवरचा पोपडा दिसेल. मग म्हणाले, तू साडी बदल.

"माझा पाय बघायचाय त्यांना. साडी नाही."

मोबाइल फळीवरच्या लाकडी साच्यांना टेकवून ठेवला आणि आपोआप फोटो निघेल असं केलं. चटई अंथरली, कागद सरकवला. हे नेहमीसारखे पुढे गुडघ्यांवर बसले आणि मी नेहमीसारखी चटईवर पाऊल टाकलं. फोटो निघाला. तो त्यांनी डोळे मिटावेत तसा चेहरा करून सभेत टाकला.

उत्तर यायला वेळ लागला नाही.

"बाईंचा डावा हात बघा," बाईंनी लिहिलं होतं. "तुमच्या खांद्यावर आहे. हाताची शीर दिसतेय, इतका जोर आहे. त्यांचं निम्मं वजन तुम्ही पेलताय. चटईवर उतरलंय ते उरलेलं. हात न धरता ठसा घ्या, मग बोलू."

हे वाचता वाचता ह्यांचा हात आपोआप स्वतःच्या उजव्या खांद्यावर गेला. तिथंच राहिला.

"बाकी सगळ्यांना मी हात खाली सोडायला लावतो," ते म्हणाले. "पहिलं तेच सांगतो. कुणाला पडायची भीती असेल तर मागं खुर्ची ठेवतो. हात लावू देत नाही."

"मला कधी सांगितलं नाहीत ते."

"तुझा हात आहे, हेच मला कळलं नाही. तो असतोच."

खरंच होतं ते. लग्नानंतर माझ्यासाठी पहिल्या चपला केल्या तेव्हाही हे असेच पुढे बसले होते आणि मी असाच खांद्याचा आधार घेतला होता. ह्यांनी माझं माप जेव्हा जेव्हा घेतलं, तेव्हा माझा हात तिथंच होता. परक्या बाईचा असता तर तो त्यांना पहिल्याच क्षणी दिसला असता.

मग आम्ही पुन्हा ठसा घेतला. माझ्यामागे खुर्ची ठेवली. ह्यांना पुढून उठून बाजूला भिंतीशी जायला सांगितलं, कारण ते हाताशी असते तर मी धरलंच असतं. "चल," ते म्हणाले. "हात खाली. समोर बघ. सहज चालल्यासारखं पाऊल टाक आणि पुढं जा."

सहज म्हणे. मी तिथं उभीच राहिले. चटई माझ्यापासून चार अंगुळांवर होती आणि मला पुढे जाववेना. हे भिंतीशी, हात पाठीमागे बांधून उभे होते. त्यांनी एकदा पाऊल उचललं, मग पुन्हा मागे घेतलं. मी डोळे समोरच्या कपाटावर लावले आणि टाकलं पाऊल. शरीर एका बाजूला गेलं, खुर्ची पकडता पकडता राहिले, पण चटई ओलांडली.

ह्यांनी कागद ओढून काढला. दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, जखम होती नेमकं तिथं, शाईचा काळा गोळा उमटला होता. बाकी पाऊल फिकट. ते जमिनीवर बसले आणि कागद मांडीवर ठेवून बघत राहिले. मी खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत होते. मला त्यांना काहीतरी लागेलसं बोलावं असंही वाटत होतं आणि डोक्यावरून हात फिरवावा असंही वाटत होतं. मी दोन्हीतलं काही केलं नाही. थोड्या वेळाने ते उठले आणि सोल कापायला बसले. त्या दिवशी जेवायला आले नाहीत, मी ताट तिथंच नेऊन ठेवलं.

नव्या सोलाने फरक पडला. जखमेची कड गुलाबी झाली, आकसायला लागली. सिस्टर पुन्हा गप्पा मारायला लागली. मला वाटलं, वाचलो. पण तपासणीला डॉक्टरांनी पायाचा एक्स-रे काढला आणि तो बराच वेळ बघितला.

"वरून भरतेय, हे उत्तम झालं," ते म्हणाले. "पण आतलं हाड आधीच किडलंय. बोट काढावंच लागेल. बाकीचा पाय मात्र वाचेल. हाच दाब आणखी राहिला असता, तर मी तसं म्हणालो नसतो."

"हे आणखी आधी झालं असतं तर?" मी विचारलं. "सोल?"

डॉक्टरांनी एकदा ह्यांच्याकडे बघितलं. "आधी झालं असतं तर कदाचित बोटही राहिलं असतं. नक्की सांगता येत नाही."

ह्या खेपेला हे खाली बघत नव्हते. डॉक्टरांकडे बघत म्हणाले, "उशीर माझ्याकडून झाला, साहेब."

बोट काढलं. ऑपरेशन छोटं असतं, असं सगळे सांगतात. घरी आल्यावर पट्टी सोडताना मी बघितलं आणि मला रडू आलं. न दुखणाऱ्या, कामाच्या नसलेल्या बोटासाठी एवढं रडू येईल असं वाटलं नव्हतं. हे शेजारी बसून होते. मी म्हटलं, "मी सांगितलं त्याच दिवशी विचारलं असतंत तर?" ते म्हणाले, "तर कदाचित वाचलं असतं." त्यांनी एखादं कारण सांगितलं असतं तर मी भांडले असते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सभेत सगळं लिहिलं. मला विचारलं नाही, मी झोपले होते. उठल्यावर वाचलं. चुकीचा ठसा, बरोबर ठसा, खांद्यावर हात असलेला फोटो, सगळं ओळीने मांडलं होतं, आणि खाली लिहिलं होतं, "बोट गेलं. पाय राहिला. तुम्ही उत्तर एका दिवसात दिलंत. मीच विचारायला अनेक दिवस घालवले, कारण मला तुमच्यात लिहायची लाज वाटत होती. तुमच्यातलं कुणी असं वाचत बसलं असेल, तर त्याने आजच विचारावं. घरच्या माणसाचं माप घेत असाल तर आधी त्याचा हात कुठं आहे ते बघा."

त्याखाली खूप लोकांनी लिहिलं होतं. इतक्या वर्षांत ज्यांची नावं कधी दिसली नव्हती, असेही काही होते. एक जण म्हणाला, मी आईचं माप असंच घेतो. हे प्रत्येकाला उत्तर देत होते. सावकाश, एका बोटाने टाइप करत, पण देत होते.

संध्याकाळी 'अनवाणी' बाईंचं आलं. "बोट नसल्यावर तोल बदलेल. जखम भरली की पुन्हा ठसा घ्यावा लागेल, म्हणून एक विचारते. खांदा धरायची सवय होती, असं तुम्ही लिहिलंय. हे तुमचं म्हणणं झालं. बाई काय म्हणतात?"

ह्यांनी खुर्ची वळवली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "काय लिहू? सवयच ना?"

मला कुणी हे विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी नाही, सिस्टरने नाही, ह्यांनीही नाही. विचारलं नव्हतं म्हणून मीही कधी सांगितलं नव्हतं. या घरात बोलणारी मी, दुसऱ्याला पुढे ढकलणारी मी. मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?

"सवय नाही," मी म्हटलं. "पूर्वी असेल. आता मला भीती वाटते."

"कसली?"

"पाय टेकलाय की नाही ते मला कळत नाही. दुसरा पाय उचलला की वाटतं, खाली काहीच नाही. घरात चालतानासुद्धा. तुम्ही नसलात की मी भिंत धरून चालते. तुम्ही दिसलात की सोडते."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "मला सांगायचंस ना, गं," एवढंच म्हणाले, तेही हळू.

"आता सांगतेय. लिहा."

त्यांनी मान हलवली. उठले आणि त्यांच्या खुर्चीकडे बोट केलं. "तुझं आहे ते. तू लिही. अक्षरं कुठं आहेत ते मी दाखवतो."

मी बसले. एकेक अक्षर शोधत लिहिलं. "मी ती बाई. मला पायाखालची जमीन कळत नाही. पडेन असं वाटतं म्हणून मी धरते. हे मी नवऱ्याला आज पहिल्यांदा सांगितलं." वाचून बघितलं. जमीन हा शब्द बदलावा असं वाटलं, तो बदलला, पुन्हा होता तसा केला. शिकलेली माणसं हसतील असं वाटलं. सगळंच पुसून टाकावं आणि ह्यांना म्हणावं, तुम्हीच लिहा काय ते. बोट बटणावर ठेवून मी किती वेळ बसले होते कोण जाणे. इतकी वर्षं ह्याच खुर्चीमागे उभी राहून मी ह्यांना काय काय बोलले होते, ते सगळं मला त्या वेळात ऐकू आलं. हे शेजारी उभे होते. त्यांनी घाई केली नाही आणि हातही धरला नाही. मग मी बटण दाबलं.